धार्मिक लवादाला न्यायालयाचे बळ द्यावे का? ओंटारिओ प्रांतातील एक प्रकरण (२००३ ते २००७)

पार्श्वभूमी

कौटुंबिक तंट्यात लवादाने, म्हणजे दोन पक्षांनी न्यायालयाबाहेर स्वतः नेमलेल्या निवाडाकाराने, धर्मशास्त्रानुसार दिलेला निवाडा न्यायालयाने अमलात आणावा का, हा कॅनडातील ओंटारिओ प्रांतापुढे २००३ मध्ये उभा राहिलेला प्रश्न हे या प्रकरणाचे सूत्र आहे. कॅनडाने ८ ऑक्टोबर १९७१ रोजी बहुसांस्कृतिकता हे राष्ट्रीय धोरण म्हणून जाहीर केले आणि १९८८ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदाही केला. या दोन्हींच्या मध्ये, १९८२ साली, देशाला हक्क व स्वातंत्र्यांची सनद मिळाली. तिच्या कलम २ ने धर्मस्वातंत्र्य दिले, कलम १५ ने कायद्यापुढील समता दिली, आणि सनदेचा अर्थ लावताना देशाच्या बहुसांस्कृतिक वारशाचे जतन व संवर्धन लक्षात घ्यावे असे कलम २७ ने सांगितले. पुढचेच कलम २८ मात्र, सनदेत इतरत्र काहीही म्हटलेले असले तरी तिच्यातील हक्क स्त्री-पुरुषांना समान राहतील, अशी हमी देते. या दोन कलमांत ओढाताण झाली तर कोणते वरचढ ठरावे, याचे उत्तर कलम २८ च्या भाषेतच आहे, असे मला वाटते. तरीही या प्रकरणात सरकारला ते उत्तर उच्चारायला जवळजवळ दोन वर्षे लागली.

आंतरराष्ट्रीय पातळीवरही कॅनडाने दोन्ही बाजूंची बांधिलकी पत्करलेली होती. १९७६ पासून लागू असलेल्या नागरी व राजकीय हक्कांच्या कराराचे कलम २७ अल्पसंख्याकांना आपली संस्कृती आणि धर्म जपण्याचा हक्क देते, तर १९८१ मध्ये कॅनडाने मान्य केलेल्या स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाच्या निर्मूलनाच्या कराराचे कलम १६ विवाह व कौटुंबिक संबंधांत स्त्री-पुरुष समता राखण्याची जबाबदारी राज्यावर टाकते.

२००१ च्या जनगणनेनुसार ओंटारिओतील दर चार रहिवाशांपैकी एकाहून अधिक जण देशाबाहेर जन्मलेले होते, आणि प्रांतात सुमारे साडेतीन लाख मुस्लिम राहत होते. हा समाज एकजिनसी नव्हता. त्यात दक्षिण आशियातून, इराणमधून, सोमालियातून आणि अरब देशांतून आलेली कुटुंबे होती, वेगवेगळे पंथ होते, आणि धर्माच्या नावाने चालणाऱ्या कौटुंबिक कायद्यापासून सुटका करून घेण्यासाठीच देश सोडलेल्या स्त्रियाही होत्या.

प्रकरणाचे मूळ मात्र एका अगदी नीरस वाटणाऱ्या कायद्यात आहे. प्रांताचा १९९१ चा लवाद कायदा मुख्यतः व्यापारी तंटे न्यायालयाबाहेर मिटावेत म्हणून केला गेला. दोन पक्षांनी लेखी मान्यता देऊन लवाद नेमायचा, कोणत्या नियमांनुसार निवाडा व्हावा हेही त्यांनीच ठरवायचे, आणि दिलेल्या निवाड्याची न्यायालयामार्फत अंमलबजावणी करून घ्यायची, अशी ही व्यवस्था होती. कौटुंबिक तंटे या कायद्याने वगळले नव्हते, आणि निवडलेले नियम धर्मशास्त्राचे नसावेत असेही कुठे म्हटले नव्हते. त्यामुळे ज्यू समाजाची बेथ दिन ही धर्मन्यायमंडळे, तसेच काही ख्रिस्ती आणि इस्माइली (शिया मुस्लिमांतील एक पंथ) गट, कौटुंबिक बाबींत लवाद किंवा मध्यस्थीचे काम अनेक वर्षे करत होते. त्याविषयी सार्वजनिक चर्चा जवळजवळ झालीच नाही.

२००३ च्या शरद ऋतूत एका निवृत्त वकिलांनी मुस्लिम व्यक्तिगत कायद्यानुसार लवादाचे काम करणारी संस्था स्थापन केल्याचे जाहीर केले. (खासगी व्यक्तींची व त्या संस्थेची नावे येथे वगळली आहेत, सार्वजनिक पदांवरील व्यक्तींची तेवढी दिली आहेत.) संस्थेने मागितलेली सोय कायद्यात आधीपासूनच होती, नवा हक्क तिने मागितला नव्हता. पण धर्मनिष्ठ मुस्लिमाने आपले तंटे याच मार्गाने सोडवावेत, असा तिच्या मांडणीचा सूर होता, आणि वादाची खरी ठिणगी तेथेच पडली.

अडचण नेमकी कोठे होती

सार्वजनिक चर्चेत हा वाद ‘इस्लाम विरुद्ध पाश्चात्त्य कायदा’ असा रंगवला गेला. ती मांडणी दिशाभूल करणारी होती. प्रांतातील कोणालाही स्वतःच्या धर्मगुरूचा सल्ला घेण्यास आणि तो पाळण्यास मनाई नव्हती व आजही नाही. विवाहविच्छेदाचा हुकूमही फक्त न्यायालयच देऊ शकत होते, कारण घटस्फोट हा संघराज्याच्या कायद्याचा विषय आहे. प्रश्न होता तो विवाह मोडल्यावर उरणाऱ्या गोष्टींचा: संपत्तीची वाटणी, पत्नीची पोटगी, मुलांचा ताबा. आणि त्यातही खरा प्रश्न असा होता की, अशा बाबतीत धर्मशास्त्रानुसार दिलेला निवाडा पाळला गेला नाही तर राज्याने आपले न्यायालय आणि वसुलीची यंत्रणा त्यामागे उभी करावी का.

त्या निवाड्याचा आधार होता संमती. दोघांनीही सही केली म्हणजे दोघांनीही स्वखुशीने निवड केली, असे १९९१ चा कायदा गृहीत धरतो. दोन कंपन्यांमधील करारात हे गृहीतक बऱ्याच अंशी खरे ठरते, कारण दोघांकडे वकील असतात आणि करार न पटल्यास दोघेही उठून जाऊ शकतात. पतीच्या प्रायोजकत्वावर नुकत्याच देशात आलेल्या स्त्रीची परिस्थिती निराळी असते. तिला इंग्रजी फारसे येत नाही, तिचे ओळखीचे जग म्हणजे पतीचे नातेवाईक आणि प्रार्थनास्थळातील माणसे, पतीला सोडले तर देशातून घालवून देतील अशी भीती तिला वाटत असते, आणि लवादाच्या कागदावर सही न केल्यास ती केवळ हट्टी बायको ठरत नाही, तर धर्म सोडल्याचा बोलही तिच्यावर येतो. आपण काय सोडून देत आहोत हे जिला ठाऊक नाही, तिची सही कायद्याच्या दृष्टीने संमती असेल. हक्कांच्या दृष्टीने ती संमती आहे का, हा या प्रकरणाचा गाभा आहे. ओंटारिओच्या १९८६ च्या कुटुंब कायद्यानुसार विवाहकाळात वाढलेल्या संपत्तीचे मूल्य पती-पत्नीत समसमान करावे लागते. लवादात अन्य नियम निवडले म्हणजे हा हक्क एका सहीसरशी हातचा जाऊ शकत होता.

दुसरी बाजूही हलकी नव्हती. धर्मनिष्ठ स्त्रीला स्वतःच्या श्रद्धेनुसार तंटा मिटवायचा असेल, तर तिच्यावर दबाव असणारच असे धरून तिचा निर्णय अमान्य करणे हाही तिच्या बुद्धीचा अवमान आहे. धर्मनिरपेक्ष न्यायालय प्रत्येक वेळी स्त्रीच्या बाजूचे ठरते असेही नाही: १९९८ मध्ये ओंटारिओतील एका न्यायालयाने पत्नीची मेहेरची, म्हणजे विवाहाच्या वेळी पतीने तिला द्यायचे कबूल केलेल्या रकमेची, मागणी, हा धार्मिक स्वरूपाचा विषय आहे असे सांगून, लागू करण्यास नकार दिला होता. धर्माला कायद्याच्या दाराबाहेर ठेवल्याने तेथे नुकसान झाले ते त्या स्त्रीचेच.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय होता काहीच न करण्याचा. कायदा तटस्थ आहे, ज्यूंना जे चालते ते मुस्लिमांनाही चालले पाहिजे, असा त्यामागचा युक्तिवाद होता आणि समतेच्या दृष्टीने तो सुसंगत होता. एका धर्माला मुभा आणि दुसऱ्याला बंदी हा मार्ग सनदेच्या कलम १५ पुढे एक दिवसही टिकला नसता, म्हणून तो गांभीर्याने विचारात घेण्यासारखा नव्हताच.

दुसरा पर्याय शेजारच्या क्वेबेक प्रांतात लागू होता. तेथील दिवाणी संहितेच्या कलम २६३९ नुसार कौटुंबिक बाबी लवादाकडे सोपवताच येत नाहीत. हा मार्ग स्वच्छ होता, पण ओंटारिओत पुष्कळ जोडपी धर्माचा काहीही संबंध नसताना, खटल्याचा खर्च आणि कटुता टाळण्यासाठी लवादाकडे जात होती, आणि त्यांची सोयही त्यात गेली असती.

तिसरा पर्याय म्हणजे धार्मिक लवाद चालू ठेवून त्याला संरक्षक अटींचे कुंपण घालणे. चौथा म्हणजे कौटुंबिक लवाद चालू ठेवणे, पण निवाडा फक्त कॅनडातील कायद्यानुसारच व्हावा अशी अट घालणे. वरवर पाहता या दोहोंत थोडाच फरक दिसतो. प्रत्यक्षात तिसऱ्या पर्यायात राज्य म्हणते की तुम्ही निवडलेल्या नियमांची आम्ही अंमलबजावणी करू, फक्त फसवणूक झाली नाही ना हे पाहू. चौथ्यात राज्य म्हणते की न्यायालयाचे बळ हवे असेल तर समतेचे नियम सोडून देता येणार नाहीत.

घडले ते असे

जून २००४ मध्ये ॲटर्नी जनरल (प्रांताचे न्यायमंत्री) मायकेल ब्रायंट आणि महिलाविषयक खात्याच्या मंत्री सँड्रा पुपाटेलो यांनी माजी ॲटर्नी जनरल मॅरियन बॉइड यांच्याकडे या विषयाचा आढावा सोपवला. बॉइड यांनी मुस्लिम, ज्यू आणि ख्रिस्ती संघटना, स्त्रियांच्या संस्था, वकील आणि लवाद अशा अनेकांची मते ऐकली व डिसेंबर २००४ मध्ये ४६ शिफारशींसह अहवाल दिला. त्यांनी तिसरा पर्याय निवडला. धार्मिक लवाद चालू राहावा. पण दोन्ही पक्षांनी स्वतंत्र कायदेशीर सल्ला घ्यावा किंवा तो नको असल्याचे स्पष्टपणे नोंदवावे, घरगुती हिंसाचार आहे का याची लवादाने दोघांशी स्वतंत्रपणे बोलून खातरजमा करावी, कोणत्या धर्मनियमांनुसार निवाडा होणार याचे लेखी निवेदन आधी हाती द्यावे, निवाड्यांच्या नोंदी ठेवाव्यात, आणि अन्यायकारक किंवा मुलांच्या हिताविरुद्ध असलेला निवाडा न्यायालयाला रद्द करता यावा, असे त्यांचे म्हणणे होते.

लवादामुळे स्त्रियांवर पद्धतशीर अन्याय होत असल्याचा पुरावा आपल्याला आढळला नाही, असेही अहवालात म्हटले होते. हे वाक्य पुढे दोन्ही बाजूंनी वापरले गेले, आणि माझ्या मते त्याचे वजन दोन्ही बाजूंनी चुकीचे ठरवले. लवादाचे निवाडे खासगी होते आणि ते कोठे जमा करण्याचे बंधन नव्हते. जिच्यावर अन्याय झाला ती न्यायालयात पोचली नाही, तर तिचा कागद कोणाच्याच हाती लागत नव्हता. अशा स्थितीत पुरावा न सापडणे हा अन्याय नसल्याचा दाखला नव्हता, तसाच तो अन्याय असल्याचाही नव्हता. बॉइड यांनी नोंदी ठेवण्याची शिफारस केली ती बहुधा याच जाणिवेने. पण नोंदी नसताना व्यवस्था चालू ठेवायची की आधी थांबवायची, हा निर्णय त्यांनी चालू ठेवण्याच्या बाजूने घेतला.

अहवालाला सर्वांत ठाम विरोध मुस्लिम स्त्रियांकडून झाला, ही बाब या प्रकरणात फार महत्त्वाची आहे. १९८२ पासून कार्यरत असलेल्या कॅनेडियन कौन्सिल ऑफ मुस्लिम विमेन या संघटनेने, आम्ही श्रद्धावान आहोत आणि म्हणूनच आम्हाला इतर कॅनेडियन स्त्रियांना लागू असलेलाच कायदा हवा, अशी भूमिका घेतली. इराणमधून आलेल्या स्त्रियांनी उभारलेली मोहीम त्याहून कडवी होती. २६ मे २००५ रोजी क्वेबेकच्या विधिमंडळाने शरिया न्यायमंडळांच्या विरोधात एकमताने ठराव केला. तो मांडण्यात पुढाकार घेणाऱ्या फातिमा हुदा-पेपॅं या स्वतः मुस्लिम होत्या. समाजाच्या वतीने कोण बोलतो, या प्रश्नाला या स्त्रियांनी दिलेले उत्तर सरकारला टाळता येण्यासारखे नव्हते.

सरकारने मात्र ते बराच काळ टाळले. डिसेंबर २००४ ते सप्टेंबर २००५ या काळात अहवाल स्वीकारला की नाकारला हे कोणी सांगितले नाही. या पोकळीत अफवा, भीती आणि उघड मुस्लिमद्वेषही शिरला, आणि स्त्रियांच्या हक्कांसाठी बोलणाऱ्या मुस्लिम कार्यकर्त्यांना आपल्या शेजारी कोण येऊन उभे राहिले आहे हे पाहून अवघडल्यासारखे झाले. ८ सप्टेंबर २००५ रोजी टोरांटोसह कॅनडा आणि युरोपातील काही शहरांत निदर्शने झाली. तीनच दिवसांनी, ११ सप्टेंबरला, रविवारी, प्रांताचे प्रीमियर डाल्टन मॅकगिंटी यांनी वृत्तसंस्थेला सांगितले की ओंटारिओत धार्मिक लवाद राहणार नाही आणि सर्व ओंटारिओवासीयांसाठी एकच कायदा असेल. निर्णय चौथ्या पर्यायाकडे झुकला होता, पण तो जाहीर झाला तेव्हा त्याचा मसुदाही लोकांपुढे नव्हता. निवडलेल्या तारखेचा मुस्लिम समाजात काय अर्थ लावला जाईल, याचाही विचार झालेला दिसत नाही.

परिणाम

नोव्हेंबर २००५ मध्ये विधेयक आले, फेब्रुवारी २००६ मध्ये ते मंजूर झाले आणि त्यातील लवादविषयक तरतुदी ३० एप्रिल २००७ पासून अमलात आल्या. ओंटारिओचा किंवा कॅनडातील अन्य प्रांताचा कायदा सोडून इतर कोणत्याही नियमांनुसार दिलेल्या कौटुंबिक निवाड्याला आता कायदेशीर परिणाम उरला नाही. लवादाचा करार तंटा उद्भवल्यानंतरच करता येतो. लग्नाच्या वेळी सही घेऊन ठेवता येत नाही. दोन्ही पक्षांना स्वतंत्र कायदेशीर सल्ला सक्तीचा झाला, लवादांना प्रशिक्षण आणि हिंसाचाराची पडताळणी बंधनकारक झाली, आणि अपिलाचा हक्क आधीच सोडून देण्याची वाट बंद झाली. म्हणजे बॉइड यांच्या पुष्कळशा संरक्षक अटी सरकारने घेतल्या, फक्त ज्या व्यवस्थेसाठी त्या सुचवल्या होत्या ती व्यवस्था काढून टाकली. धर्मगुरूला लवाद होण्यास बंदी नाही. त्याने प्रशिक्षण घेऊन प्रांताचा कायदा लावला तर त्याचा निवाडाही चालतो.

ज्यू संघटनांनी नाराजी व्यक्त केली, कारण तक्रार नसताना आपली जुनी सोय गेली असे त्यांना वाटले. धर्मनिष्ठ मुस्लिमांपैकी अनेकांना आपल्यामुळे सर्वांचे दार बंद झाले असा कमीपणा आला.

पण सर्वांत मोठी उणीव वेगळीच राहिली. धार्मिक मध्यस्थी या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. पती-पत्नीने मशिदीतील किंवा अन्य प्रार्थनास्थळातील ज्येष्ठांपुढे बसून तडजोड केली आणि ती विभक्त राहण्याच्या कराराच्या रूपात लिहून काढली, तर दोघांच्या व साक्षीदाराच्या सहीने तो करार वैध होऊ शकतो, आणि त्यासाठी स्वतंत्र वकिलाचा सल्ला सक्तीचा नाही. अन्यायकारक करार न्यायालय रद्द करू शकते हे खरे, पण त्यासाठी त्या स्त्रीने न्यायालयापर्यंत पोचावे लागते. लवादाच्या खोलीतला जो दबाव राज्याला अस्वस्थ करत होता तो मध्यस्थीच्या खोलीत तसाच शाबूत राहिला, आणि तेथे प्रशिक्षित लवाद, हिंसाचाराची पडताळणी व वकिलाचा दाखला यांपैकी काहीच नाही.

डिसेंबर २००७ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने क्वेबेकमधील एका ज्यू जोडप्याच्या खटल्यात दिलेला निकाल याच प्रश्नाच्या दुसऱ्या टोकाशी पोचतो. पत्नीला गेट, म्हणजे धार्मिक घटस्फोट, देण्याचे पतीने लेखी कबूल केले होते आणि मग तब्बल १५ वर्षे दिले नाही. हा धार्मिक विषय आहे म्हणून न्यायालयाने हात झटकले नाहीत. कबुली मोडल्याबद्दल पत्नीला ४७,५०० डॉलरची भरपाई कायम केली. धर्मातून आलेल्या कबुलीमागे राज्याने उभे राहावे की नाही, हे ती कबुली समतेच्या बाजूने काम करते की विरुद्ध, यावर ठरू शकते, हे या निकालातून दिसते. ओंटारिओच्या सरसकट भाषेत या बारकाव्याला जागा नव्हती.

वेगळे काय करता आले असते

पहिली संधी १९९१ मध्येच होती. व्यापारी तंट्यांसाठी आखलेल्या कायद्यात कुटुंब बसते का, हा प्रश्न तेव्हा विचारला असता तर तो कोणत्याही एका धर्माच्या संदर्भाविना, शांतपणे सुटला असता. तो २००३ मध्ये विचारला गेला, जेव्हा जगभर मुस्लिम असणे हाच संशयाचा विषय झाला होता. नियम आधी आणि सर्वांसाठी घातला की तो नियम वाटतो. एखादा अल्पसंख्य समाज दारात आल्यावर घातला की तो नकार वाटतो, मजकूर तोच असला तरी.

दुसरी संधी आढाव्याच्या वेळी होती. ज्यू, ख्रिस्ती आणि इस्माइली मंडळांकडे अनेक वर्षांच्या कामाचा अनुभव होता. त्यांच्याकडून, नावे वगळून, जुने निवाडे मागवून वाटणी व पोटगीची तुलना प्रांताच्या कायद्याशी करता आली असती. वेळ लागला असता, पण चर्चा अंदाजांऐवजी कागदांवर झाली असती.

अहवालानंतरचे मौन मला सर्वांत टाळता येण्यासारखे वाटते. सरकारला चौथा पर्याय घ्यायचा होता तर त्याची कारणे, कलम २८ पासून सुरुवात करून, जानेवारी २००५ मध्येच सांगता आली असती. निर्णय निदर्शनांनंतर तीन दिवसांनी आल्यामुळे तो तत्त्वावर घेतला की दबावाखाली, ही शंका कायमची राहिली, आणि ज्या मुस्लिम स्त्रियांनी तो युक्तिवादाने मिळवला होता त्यांचे श्रेयही त्यात झाकले गेले.

अंतिम निर्णय मात्र मी योग्यच मानतो. कोणी कशावर श्रद्धा ठेवावी यात राज्याने पडू नये, पण स्वतःचे वसुलीचे बळ कोणत्या निवाड्यामागे उभे करायचे हे ठरवण्याचा राज्याला केवळ अधिकार नाही, त्याचे ते कर्तव्य आहे. त्या कर्तव्याचा उरलेला भाग खर्चिक आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यात ओंटारिओत कौटुंबिक खटल्यांसाठीच्या सरकारी कायदेशीर मदतीला मोठी कात्री लागली होती, आणि अनेक जोडपी धर्मगुरूकडे वळत होती त्यामागे श्रद्धेइतकेच वकिलाचे न परवडणारे शुल्कही होते. कुटुंब कायद्याची माहिती अनेक भाषांतून स्त्रियांपर्यंत पोचवण्याची मोहीम पुढे प्रांतात सुरू झाली, ते उपयुक्त पाऊल होते. मध्यस्थीतून निघालेल्या विभक्ततेच्या करारालाही स्वतंत्र सल्ल्याची अट लावणे, आणि ज्या स्त्रीला वकील परवडत नाही तिला तो सल्ला सरकारी खर्चाने देणे, ही दोन पावले मात्र २००६ च्या कायद्याने उचलली नाहीत.